पिशवीसाठी खुंटी

सोमवार, ५ फेब्रुवारी

ही वही मी विकत आणलेली नाही. आज कार्यशाळेत प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक ठेवलेली होती. सल्लागारबाई म्हणाल्या, "रोज आपल्या भावना यात लिहून काढा. मोकळेपणानं लिहा, कोणी वाचणार नाही." कोणी वाचणार नसेल तर खात्याच्या खर्चानं वह्या कशाला वाटायच्या, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण साहेब शेजारीच बसून मान डोलावत होते.

तर भावना. शहराच्या स्वच्छता खात्यात मी उपअभियंता आहे आणि सगळी सार्वजनिक स्वच्छतागृहं माझ्या गळ्यात आहेत. या कामात माणसाला एकच भावना होते, ती किळस. लोकांची येते, लोक मागे जे ठेवून जातात त्याची येते, आणि हल्ली खात्याचीही यायला लागली आहे. माझं नाक अजून शाबूत आहे. बरोबरीच्यांचं केव्हाच मेलंय, त्यामुळे ते सुखात आहेत.

आता मोठ्या चौकातलं स्वच्छतागृह पाडून नव्यानं बांधायचं आहे, आणि ते म्हणे 'माणूस केंद्रस्थानी ठेवून'. म्हणजे आधी वापरणाऱ्याला विचारायचं, त्याच्या जागी उभं राहून बघायचं, मग आराखडा काढायचा. बाईंनी हे इतक्या कौतुकानं सांगितलं की आमचा भांडारपाल माझ्या कानाशी लागला, "इतकी वर्षं आपण काय म्हशींसाठी बांधत होतो का?" मला हसू आवरेना. म्हशींसाठी बांधलं असतं तर निदान दारं तरी रुंद ठेवली असती.

घरी आलो तर आई खिडकीशी बसली होती. मावशीचा फोन येऊन गेला म्हणाली. मावशी म्हणजे तिची धाकटी बहीण. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहते आणि गेल्या वर्षापासून अंथरुणाला खिळली आहे. "ये म्हणते," आई म्हणाली. मी म्हटलं, मग जा की, चौकात बस बदलली की झालं. ती म्हणाली, "बघू. गुडघे जरा बरे होऊ देत."

गुरुवार, ८ फेब्रुवारी

आज नागरिकाच्या जागी उभं राहून झालं. चौकातली जुनी इमारत. दाराचा खालचा भाग कुजून गेलेला. कडीच्या जागी सुतळी. नळ कोणीतरी काढून नेलाय, तिथून एक लाकडी बूच डोकावतं. फरशी कायम ओली, आणि कशानं ओली हे विचारायचं नसतं. बायकांच्या बाजूला दिवा नाही. माशा तेवढ्या दोन्ही बाजूंना सारख्या.

बाई नाकाला रुमाल लावून आत गेल्या आणि गेल्या पावली बाहेर आल्या. डोळ्यांत पाणी होतं. मला जरा बरं वाटलं, निदान खरं काहीतरी झालं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "किती शिकायला मिळालं." साहेब दारापर्यंत आले आणि नेमका त्यांना फोन आला. असा फोन मला कधी कोणी करत नाही.

मग बसथांब्यावरच्या बायकांना विचारायचं होतं. मी खात्याचा माणूस म्हणून मला पुढे केलं. "तुम्ही हे स्वच्छतागृह वापरता का?" एकीनं मान फिरवली. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. एक वयस्क बाई म्हणाली, "नाही हो. आम्ही घरूनच तशा निघतो." तशा म्हणजे कशा, ते विचारेपर्यंत तिची बस आली. लोक धड उत्तरही देत नाहीत आणि मग खात्याच्या नावानं खडे फोडतात.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आज फळ्यावर रंगीत चिकट कागद लावायचे होते, एका कागदावर एक गोष्ट. भांडारपालानं लिहिलं, 'नळ चोरीला जातात.' बाई म्हणाल्या, हे आपल्या बाजूनं झालं, नागरिकाच्या बाजूनं लिहा. त्यानं दुसरा कागद घेतला आणि लिहिलं, 'नळ सहज चोरता येतात.'

मग बाईंनी स्वतः एक कागद लावला: 'बायका बाहेर निघायच्या आधी पाणी पिणं बंद करतात.' साहेबांनी टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. याला म्हणे शोध म्हणतात. बायका घसा कोरडा ठेवून शहरभर हिंडतात आणि आम्ही थंड खोलीत बसून त्यावर टाळ्या वाजवतो. मला शिसारी आली. टाळ्या मात्र मीही वाजवल्या.

घरी जेवताना आईनं दोन घोट घेऊन पेला बाजूला सरकवला. उद्या तिला डोळे तपासायला जायचंय. मी म्हटलं, भरलेला पेला रोज असाच टाकतेस, ओतून देण्यासाठी भरतेस का? ती म्हणाली, "तहान नाही रे." बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि पेला उचलून नेला. या दोघींचं काय चाललेलं असतं ते मला कधीच कळत नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी

आईला ताप आणि लघवीला जळजळ. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसवलं, बायको आत गेली. बाहेर आल्यावर निष्कर्ष एवढाच, की पाणी फार कमी पडतंय. घरी आल्यावर मी आईला चांगलंच फैलावर घेतलं. नळाला पाणी आहे, माठ भरलेला आहे, हाताशी पेला आहे, मग अडतं कुठे? लहान मुलासारखं मागे लागायचं का? ती ऐकून घेत राहिली.

मावशीचा पुन्हा फोन. आवाज खोल गेलाय. आई तिला म्हणाली, "येते गं, येतेच." मी टॅक्सीनं जा म्हटलं, पण बंद गाडीत तिला मळमळतं. माझ्या स्कूटरवर तिला बसता येत नाही. पुढच्या रविवारी मी सोबत येतो, आपण दोघं बसनं जाऊ, असं मी कबूल केलं.

रविवार, ३ मार्च

मधला रविवार कार्यशाळेनं खाल्ला. आजही घरी बसून आराखडाच केला. बसायच्या भांड्याची उंची ठरत नव्हती. पुस्तकातली उंची धडधाकट माणसाची असते. आई तिच्या खुर्चीतून हात टेकून एकटी उठते, बाकी कुठेही बसली की दोघं लागतात. म्हणून तिची खुर्चीच मोजली आणि तिला चार-पाचदा उठायला-बसायला लावलं.

मला वाटलं कुरकुर करेल. तर तीच विचारायला लागली, "धरायला काही आहे का?"

"दांडा आहे भिंतीला."

"कुठल्या बाजूला? माझा उजवा हात बरा आहे."

"दोन्ही बाजूंना लावू."

"आणि कडी आतून नीट लागेल ना? आणि पिशवी?"

"पिशवीचं काय?"

"ठेवायची कुठे? तसल्या ठिकाणी खाली ठेववत नाही. दातांत किती वेळ धरणार? खुंटी हवी. फार उंच नको, हात वर जात नाही माझा."

मी खुंटी काढली आणि तिला दाखवली. तिनं चष्मा लावून कागद नीट पाहिला आणि विचारलं, "कधी होईल?" मी म्हटलं, मे उजाडेल. या घरात माझ्या कामात कोणी एवढा रस घेतलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मनापासून बरं वाटलं. बायको शाळेत शिकवते, तिला माझ्या कामाचं नाव जेवताना काढलेलंही चालत नाही.

शुक्रवार, १५ मार्च

आराखडा सादर झाला. बाईंनी खुंटीवर खूप वेळ भाषण केलं. नागरिकांच्या आयुष्यात खोल उतरल्यावर असे बारकावे सापडतात म्हणे. खोल म्हणजे माझ्या घरातली मधली खोली. मी तोंड उघडणार होतो, पण साहेबांचा चेहरा असा उजळला होता की गप्प बसलो.

साहेबांनी स्वतःची भर घातली. दाराशी एक यंत्र बसवायचं, त्यावर तीन चेहरे: हसरा, मधला आणि रडका. बाहेर पडताना नागरिकानं बटण दाबून अभिप्राय द्यायचा. मी विचारलं, हात धुऊन दाबायचं की न धुता? शहरभरातून येणाऱ्या बोटांचा तो डबा डोळ्यांपुढे आला आणि माझा चहा तसाच राहिला.

बुधवार, १० एप्रिल

बांधकाम चाललंय. ठेकेदारानं फरशी हलकी लावली होती, ती उखडायला लावली. माझ्याशी गोड बोलायला तो मिठाईचा डबा घेऊन आला. ज्या हातानं गटाराचं तोंड खरवडून पाहिलं होतं त्याच हातानं डबा उघडला. मी डबा परत केला, तर म्हणतो, "साहेब, तुम्ही फार नाक मुरडता."

आई रोज संध्याकाळी विचारते, "तुझं ते कुठवर आलं?" आज विचारलं, दार रस्त्याच्या बाजूला आहे की आतल्या. मी म्हटलं आतल्या, थांब्यावरून दिसत नाही. "हे फार चांगलं केलंस," ती म्हणाली. साहेबांपेक्षा हिला जास्त कळतं, असं मी बायकोला म्हणालो. बायको म्हणाली, "कळणारच ना." तिच्या बोलण्याला नेहमी अशी धार असते.

शुक्रवार, ३ मे

झालं. खरोखर झालं. सगळे गेल्यावर मी एकटा आत उभा राहिलो. पांढऱ्या भिंती, कोरडी फरशी, वरच्या झरोक्यातून येणारा उजेड. वास फक्त नव्या रंगाचा. खुंटीला माझी पिशवी अडकवून पाहिली. दांडा धरून बसलो आणि उठलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा, आपण बांधलेल्या जागेत श्वास पूर्ण आत घेतला.

घरी आईला फोटो दाखवले. तिनं खुंटीचा फोटो दोनदा पाहिला. लगेच मावशीला फोन लावून म्हणाली, "आता येते बघ." इकडचं तिकडे जोडायची तिची सवय जुनीच आहे.

सोमवार, ६ मे

आज चाचणी म्हणून लोकांसाठी उघडलं. सकाळी आठला उघडलं आणि दुपारी मी पाहायला गेलो.

लिहवत नाही, पण बाईंनी मोकळेपणानं लिहा सांगितलंय. भांड्यावर बुटांचे ठसे, म्हणजे कोणीतरी वर चढून बसलं होतं. भिंतीवर, छातीच्या उंचीला, एक हात पुसलेला. खालच्या फरशीवर जे होतं त्यात कोणाचं तरी वर्तमानपत्र भिजत पडलं होतं. पाणी होतं, साबण होता, बादली होती. कोणी हात लावला नव्हता. हसऱ्या चेहऱ्याचं बटण मात्र चिकट झालं होतं.

मी बाहेर येऊन ओकलो. राखणदार म्हणाला, "बसा जरा साहेब, मी धुतो." तो दिवसभर धुतच होता, एवढं मला मान्य आहे. पण मला वाटलं, हे लोक याच लायकीचे आहेत. यांना कोणी केंद्रस्थानी ठेवू नये. यांना गावाबाहेर ठेवावं.

बुधवार, ८ मे

पुढच्या मंगळवारी परीक्षण समिती येणार आहे. शहरातल्या सगळ्या खात्यांतून एका सेवेला पहिला मान मिळतो, आणि साहेबांना तो हवाच आहे. त्यांनी विचारलं, "तोवर हे असं स्वच्छ कसं ठेवायचं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "कुलूप लावू."

खोलीत कोणालाही हे चमत्कारिक वाटलं नाही. बाई एवढंच म्हणाल्या की 'कुलूप' हा शब्द इतिवृत्तात नको, 'देखभालीसाठी विश्रांती' म्हणू या. तशी पाटी रंगवून आली. चावी माझ्याकडे. साहेबांचा चालक जाता-येता हसऱ्या चेहऱ्याचं बटण दाबतो, म्हणून यंत्रात अभिप्राय उत्तम चाललाय. कोणी वापरत नाही आणि सगळे खूश आहेत.

मी संध्याकाळी जाऊन कुलूप उघडलं, सगळं पुन्हा घासून घेतलं, आणि लावून आलो. खिशात चावी वाजत होती. महिनाभरात इतकं शांत वाटलं नव्हतं. घरी यातलं काही बोललो नाही. जेवताना हा विषय नको असतो.

रविवार, १२ मे

मावशीच्या मुलीचा फोन आला. मावशी आता फार बोलत नाही, पण ताई कधी येणार हे विचारते. ताई म्हणजे आई. मी म्हटलं, हा मंगळवार जाऊ दे, पुढच्या रविवारी मी स्वतः घेऊन येतो. आई म्हणाली, "मंगळवारी काय आहे?"

"परीक्षक येणार आहेत चौकात. दहा वाजता."

"म्हणजे त्या दिवशी सगळं स्वच्छच असेल."

"आरशासारखं," मी म्हटलं.

ती हसली. मग कपाटातून बाहेर जायचे कपडे काढून तिनं खुर्चीच्या पाठीवर घातले. मंगळवारला अजून दोन दिवस आहेत, मी म्हटलं. "इस्त्री बघते," म्हणाली.

मंगळवार, १४ मे

पार पडलं. पाय मोडून आलेत, पण आजचं लिहायलाच हवं.

समिती दहाला येणार होती, बाराला आली. तोवर चौकात भलतीच गर्दी जमली. थांब्यावरच्या बायका सरकत सरकत दाराशी येऊन उभ्या राहिल्या, आज उघडणार असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. साहेब म्हणाले, फोटोत हे नको. मी दोरी आणवली आणि सगळ्यांना पलीकडे उभं केलं. एक-दोघी बडबडल्या. मी आवाज चढवून म्हटलं, "थोडा वेळ धीर धरता येत नाही का?"

आणि त्या गर्दीत आई दिसली. पहिल्यांदा ओळखलंच नाही. इस्त्रीचे कपडे, चापूनचोपून विंचरलेले केस. माझा कार्यक्रम बघायला ती एकटी बसनं आली होती. मला एकदम भरून आलं. लहानपणी शाळेच्या बक्षीस समारंभाला ती अशीच मागे कोपऱ्यात उभी असायची. मी हात हलवला. तिनंही हात थोडा वर केला आणि दोरीपर्यंत आली. तेवढ्यात साहेबांनी हाक मारली, गाड्या आल्या होत्या. मी खिशातली चावी काढून वर धरली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि साहेबांकडे गेलो. वळून पाहिलं तेव्हा ती पिशवी पोटाशी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती. गर्दीत पाकीटमार असतात, ती पहिल्यापासून जपून असते.

समितीचे प्रमुख आत गेले, खुंटीवर त्यांनी टोपी अडकवली, सगळे हसले. "वापरात असूनही इतकं स्वच्छ," असं ते तीनदा म्हणाले. बाईंचे डोळे पुन्हा भरून आले. मग साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, निकाल लागेपर्यंत कुलूप राहू दे. मी लावलं आणि सगळ्यांबरोबर जेवायला गेलो. समितीचे प्रमुख हात न धुता पानावर बसले होते, मी स्वतः पाहिलं.

घरी आलो तर आईचे कपडे दोरीवर वाळत होते, केस ओले.

"भर दुपारी अंघोळ?"

"उकडत होतं."

"मावशीकडे नाही गेलीस?"

"नाही रे. चौकातूनच परत आले."

"कार्यक्रम कसा वाटला?"

"तुझा आवाज लांबपर्यंत ऐकू येत होता," ती म्हणाली. आणि भिंतीकडे तोंड करून पडली. दमली असणार. या वयात एवढ्या उन्हात माझ्यासाठी आली, याचं फार अप्रूप वाटतंय.

शुक्रवार, १७ मे

पहिला मान आम्हाला. साहेबांनी कचेरीत मला मिठी मारली, त्यांच्या बगलेचा वास अजून माझ्या नाकात आहे. कुलूप राहू द्यायचंय, आता बाहेरगावची मंडळी बघायला येणार आहेत. आईला ही बातमी सांगितली. "बरं झालं," म्हणाली. तीन दिवस ती घराबाहेर तर सोडाच, खिडकीशीही बसलेली नाही.

रविवार, १९ मे

मावशी पहाटे गेली.

तिच्या मुलीनं गाडी पाठवली. आई पूर्ण वाट काचा खाली करून बसली. चौकातून जाताना मी सवयीनं दाराकडे पाहिलं, कुलूप जागेवर होतं. आईनं मान दुसरीकडे वळवली. तिकडे पोचल्यावर मावसबहीण आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "मंगळवारी दिवसभर दाराकडे डोळे लावून होती. ताई निघाली का, ताई निघाली का. मी म्हटलं, वाटेत असेल." आई म्हणाली, "वाटेतच होते गं."

मला समजेना की मंगळवारी तिकडे जायचं ठरवून निघालेली बाई माझा कार्यक्रम बघत कशाला थांबली. बायकोला विचारलं. तिनं फक्त, "घरी गेल्यावर बोलू," असं म्हटलं.

सोमवार, २० मे

बोललो. ती बोलली, मी ऐकलं.

आई आठ वर्षं कुठे लांब गेलेली नाही. डोळ्यांचे डॉक्टर, बाजार, आणि परत. निघायच्या आदल्या दिवसापासून ती पाणी सोडते. त्याचाच ताप होता तो. गुडघे दुखतात हे खरं, पण खरी अडचण अशी की त्यामुळे बाहेर कुठे तिला उकिडवं बसता येत नाही. मावशीकडे जायचं तर चौकातली जागा मिळाल्याशिवाय तिला जमत नव्हतं, आणि म्हणून ती माझ्या आराखड्याची वाट बघत होती. फेब्रुवारीपासून.

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?" बायको खरंच चकित झाली होती. "तुमचंच तर खातं आहे."

मंगळवारी आई दहालाच चौकात उतरली होती. आज स्वच्छ असेल म्हणून त्या दिवशी ती सकाळी पोटभर पाणी आणि चहा घेऊन निघाली होती. बारापर्यंत उभी राहिली. दोरीपाशी आली ती मला विचारायला. मी चावी दाखवून निघून गेलो. समिती गेल्यावर उघडेल म्हणून आणखी थांबली. मी कुलूप लावताना तिनं पाहिलं. त्यानंतर तिथेच, थांब्याच्या बाकामागे, माणसांत, तिचे कपडे ओले झाले. कोणीतरी नाकाला रुमाल लावला. एक माणूस म्हणाला, घरी बसवत नाही का यांना. परतीच्या बसमध्ये वाहकानं तिला बसू दिलं नाही, ती उभी राहून आली.

"त्याला सांगू नकोस, त्याचा मोठा दिवस आहे, असं म्हणाल्या मला. मी नसतं सांगितलं. पण काल ती वाट बघण्याची गोष्ट ऐकली आणि..." बायको उठून आत गेली.

इतके दिवस मी या वहीत किळस लिहितोय. लोकांची, साहेबांची, बाईंची, बोटांच्या डब्याची. ती सगळी एका जागी गोळा करून ज्याच्यावर ओतावी असा माणूस आज सापडला. त्याच्या खिशात चावी आहे.

बुधवार, २२ मे

सकाळी चौकात जाऊन कुलूप काढलं. पाटी काढली. राखणदाराला सांगितलं, आता लावायचं नाही, कोणीही सांगितलं तरी. तो म्हणाला, साहेब ओरडतील. मी म्हटलं, माझं नाव सांग. साहेब दुपारी ओरडले. बाहेरगावची मंडळी उद्या येतायत, घाण दाखवायची का त्यांना? मी म्हटलं, हो. बदलीची भाषा झाली. होऊ दे.

संध्याकाळी परत गेलो. घाण होती. तितकीच, तशीच. एका दाराला आतून कडी होती. मी बाहेर थांबलो. दार उघडून एका म्हाताऱ्या बाईनं खुंटीवरची पिशवी काढली आणि माझ्याकडे न बघता ती थांब्याकडे गेली. मी राखणदाराबरोबर धुवायला लागलो. ओकारी आली तेव्हा बाहेर जाऊन आलो आणि पुन्हा धरलं.

घरी येऊन अंघोळ केली आणि आईजवळ बसलो. म्हटलं, "उघडलंय. आता बंद होणार नाही. रविवारी मी येतो तुझ्याबरोबर. बसनं जाऊ."

"कुठे?" आईनं विचारलं.

ती माझ्याकडे बघत होती, रागानं नाही, नुसतीच.

"आता मला कुठे जायचंय रे," ती म्हणाली. बायकोनं ठेवलेला पेला तिनं उचलला, घोट घोट करत पूर्ण रिकामा केला, आणि अजून थोडं पाणी मागितलं.